दहा महिन्यांच्या वापरानंतर: हाफलिंगच्या हातातली कुऱ्हाड

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी २०२४ च्या दिवाळीपासून दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत कथा रंगवण्याच्या खेळाचा डाव बसतो आणि डीएमचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, काम माझ्याकडे आहे. पाचव्या आवृत्तीचे मूळ पुस्तक विकत घेण्याआधी खेळ घरात रुजतो की नाही ते पाहावे, असे मी ठरवले होते. जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झालेली एसआरडी ५.१ ही त्याच आवृत्तीची मूलभूत नियमावली मी कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून पाठपोट छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतली. चारशेहून अधिक पानांचा हा गठ्ठा साडेचारशे रुपयांच्या आत पडला. दहा महिने अशा खुल्या नियमांवर खेळल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. क्लास (कॅरेक्टरचा पेशा), रेस (त्याची जमात) आणि लेव्हल (प्रगतीचा टप्पा) म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असे धरून चालतो.

आमच्या पार्टीत चौघे आहेत. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक सर हिल ड्वार्फ क्लेरिक खेळतात, माझी पत्नी हाय एल्फ विझार्ड खेळते आणि मिरजेहून येणारी बहिणीची दोन्ही मुले बार्बेरियन, म्हणजे संतापून लढणारे रांगडे योद्धे, खेळतात. भाचा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याने हाफ-ऑर्क घेतला. नववीत शिकणाऱ्या भाचीने हाफलिंग, म्हणजे बुटक्या जमातीची मुलगी, घेतली. दादाने घेतला तोच क्लास मलाही हवा, एवढेच तिचे म्हणणे होते. क्लास एकच आणि रेस वेगळी, त्यामुळे रेस आणि क्लास यांच्या मेळाचा हिशेब आमच्या टेबलावर दर रविवारी आपोआपच मांडला गेला. मी पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. हाताला सवय असल्यामुळे फाशांच्या नोंदी एका वहीत ठेवत गेलो. या लिखाणाला आधार त्या वहीचा आहे.

पहिले दोन महिने मी या नियमावलीवर फार खूश होतो. भाचीने कॅरेक्टर शीटच्या मागच्या बाजूला तिच्या हाफलिंगचे चित्र काढले होते. त्यात कुऱ्हाड मुलीपेक्षा वीतभर उंच होती. बार्बेरियनच्या सुरुवातीच्या साहित्यात पहिलाच पर्याय ग्रेटॲक्सचा, म्हणजे मोठ्या कुऱ्हाडीचा, आहे, तोच तिने घेतला. त्या दोन महिन्यांत भावंडांच्या खेळात कुणी मागे पडल्याचे दिसले नाही. जानेवारीत एकदा शस्त्रांचा तक्ता नीट वाचायला बसलो, तेव्हा ‘हेवी’ या गुणधर्माखालचे वाक्य माझ्या नजरेतून सुटले होते हे ध्यानात आले. लहान आकाराच्या कॅरेक्टरला जड शस्त्राने वार करताना डिसॲडव्हान्टेज (वीस बाजूंचे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा) लागतो, असे ते वाक्य आहे. हाफलिंगचा आकार लहान, ग्रेटॲक्स जड. नियम सर्वांना सारखा असला पाहिजे असे मानून मी पुढच्याच रविवारपासून तो लागू केला.

त्या रविवारी पुलावरची लढाई होती आणि समोर हॉबगॉब्लिन होता, आर्मर क्लास १८, म्हणजे बेरीज १८ किंवा जास्त आली तरच वार लागणार. भाचीने नेहमीप्रमाणे रेकलेस अटॅक, म्हणजे ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा) देणारा बेफिकीर वार, जाहीर केला आणि दोन फासे उचलले. मी एक फासा परत घ्यायला लावला, कारण रेकलेसचा ॲडव्हान्टेज आणि जड शस्त्राचा डिसॲडव्हान्टेज एकमेकांना रद्द करतात आणि उरतो तो एकच फासा. तिला नऊ पडले. पुढच्या फेरीत सहा पडले. हॉबगॉब्लिनला मात्र रेकलेसमुळे तिच्यावरच्या हल्ल्यांत ॲडव्हान्टेज मिळत राहिला. तिसऱ्या फेरीत ती खाली कोसळली आणि सरांच्या क्लेरिकने तिला उठवले. रात्री स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा तिने विचारले, “मामा, मी बुटकी आहे म्हणून माझा नेम चुकतो का?” मी उत्तर दिले नाही, कारण नियमावलीप्रमाणे उत्तर ‘हो’ असे होते.

घरी येऊन वहीत आकडे मांडले. तिची ताकद १५, म्हणजे तिसऱ्या लेव्हलला वारासाठी अधिक ४. हाफ-ऑर्कला ताकदीत २ जास्त मिळतात, म्हणून भाच्याची ताकद १७ आणि वारासाठी अधिक ५. आर्मर क्लास १८ च्या शत्रूवर रेकलेस अटॅकने भाच्याचा वार लागण्याची शक्यता १०० पैकी ६४ येते. मी नियम विसरलो होतो तेव्हा भाचीची शक्यता ५८ होती. नियम लागू केल्यावर ती ३५ वर आली. सहाचे अंतर एकोणतीसचे झाले, आणि तेसुद्धा अशा कृतीत, जी बार्बेरियन प्रत्येक लढाईत आणि प्रत्येक फेरीत करतो.

माझी मुख्य तक्रार नेमकी येथे आहे. रेसच्या गुणांची यादी कागदावर समोरासमोर ठेवली तर हाफलिंग दुबळी दिसत नाही. फाशावर एक पडला तर पुन्हा टाकता येतो, भीतीच्या परिणामांविरुद्ध ॲडव्हान्टेज मिळतो आणि मोठ्या आकाराच्या प्राण्यांच्या जागेतून सरकून जाता येते. यादीची लांबी सारखी ठेवली की तोल साधला, असे नियम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेले दिसते. परंतु कोणता गुण दुपारभरात किती वेळा हाताशी येतो, हे त्या यादीतून कळत नाही. जानेवारी ते मे या काळात भाचीला एकोणीस वेळा एक पडला आणि पुन्हा टाकल्यावर त्यांपैकी आठ वेळा काम झाले. भीतीविरुद्धचा गुण दोनदाच उपयोगी पडला. ग्रेटॲक्स हातात असेपर्यंत जड शस्त्राची अट मात्र प्रत्येक वाराला आडवी आली. उपकार क्वचित आणि अडवणूक रोजची असेल, तर त्या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत तोलणे चुकीचे आहे.

हेच उलट बाजूनेही दिसते. हाय एल्फला लांब तलवार, आखूड तलवार आणि दोन्ही प्रकारची धनुष्ये वापरण्याचे शिक्षण मिळते. माझ्या पत्नीच्या विझार्डने दहा महिन्यांत धनुष्य सुरुवातीला चार वेळा वापरले आणि तलवार एकदाही उपसली नाही. तोच एल्फ फायटर झाला असता तर हे शिक्षण पूर्णपणे वाया गेले असते, कारण फायटरला ती सगळी शस्त्रे मुळातच येतात. सरांच्या हिल ड्वार्फ क्लेरिकला मात्र काटकपणा आणि शहाणपण या दोन्हींत वाढ मिळते, शिवाय प्रत्येक लेव्हलला एक हिट पॉइंट (जीवनशक्तीचा आकडा) जास्त. त्यांच्या शीटवर एकही ओळ निकामी नाही.

आता माझे मत बदलले तो भाग सांगतो, कारण तो सांगितला नाही तर नियमावलीवर अन्याय होईल. फेब्रुवारीत सरांनी सुचवले की मुलीने ग्रेटॲक्स सोडून बॅटलॲक्स घ्यावी. ती जड गणली जात नाही आणि दोन्ही हातांनी धरली की दहा बाजूंच्या फाशाची इजा देते. मी पुन्हा वही उघडली. शक्यता लगेच ५८ वर परत आली. बारा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेसहा आणि दहा बाजूंच्याची साडेपाच, म्हणजे लागलेल्या वारामागे नुकसान केवळ एकाचे. रेजचे (बार्बेरियनच्या संतापाचे) दोन आणि ताकदीचे आकडे मिळवून, क्रिटिकल (फाशावर वीस पडल्यावर जास्त इजा करणारा वार) बाजूला ठेवून पाहिले, तर प्रत्येक वारामागे भाच्याची सरासरी इजा ७.४ आणि भाचीची ५.५ येते. म्हणजे तिला पाऊण वाटा मिळतो. जानेवारीत माझ्या मनात या नियमाची जी प्रतिमा झाली होती, तितका तो क्रूर नाही. जाणकार खेळाडूला तो एका शस्त्राच्या बदलात ओलांडता येतो. नवख्या मुलीला मात्र तो आधी चित्रातली कुऱ्हाड देतो आणि मग काढून घेतो. तिने सरांचे ऐकले, बॅटलॲक्स घेतली, पण शीटमागचे चित्र खोडले नाही.

या निमित्ताने एक गोष्ट सांगून टाकतो. बारा बाजूंचा फासा बार्बेरियनला सतत लागतो, आणि ऑनलाइन मागवलेल्या दुसऱ्या संचात तोच नव्हता. त्याच्या जागी वीस बाजूंचे दोन फासे आले होते. ‘संचात सात नग आहेत, ते पूर्ण आहेत’ असे सांगून विक्रेत्याने बदलून द्यायला नकार दिला. तीन वेळा फोटो पाठवले, उपयोग झाला नाही. मागवताना केवळ नग मोजू नका, प्रत्येक फाशाच्या बाजू छायाचित्रात मोजा.

रेस आणि क्लास यांचा तोल साधण्याचा प्रयत्न या खेळात सुरुवातीपासून चालू आहे, आणि मागचे उपाय पाहिले की आजच्या नियमांची योग्यता कळते. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत ड्वार्फला केवळ लढवय्या होता येई आणि तोही सहाव्या लेव्हलपर्यंतच. हाफलिंगसारख्या बुटक्या लोकांना तर चौथ्या लेव्हलवरच थांबावे लागे, माणसाला मात्र मर्यादा नव्हती. १९८१ च्या बेसिक आणि एक्स्पर्ट संचांत ड्वार्फ, एल्फ आणि हाफलिंग हे स्वतंत्र क्लासच होते. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने या मर्यादा काढल्या, पण हाफलिंगच्या ताकदीतून २ वजा ठेवले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ती वजाबाकीही गेली. लेव्हल अडवण्याचा जुना उपाय मला सर्वांत सदोष वाटतो, कारण आज मिळालेल्या गुणांची किंमत तो वर्षभरानंतर वसूल करतो, आणि तेवढा काळ कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा, टिकले नाही तर ती किंमत कुणी भरतच नाही.

जूनमध्ये आम्ही एसआरडी ५.२ कडे वळलो. २०२४ च्या सुधारित नियमांवर आधारलेली ही नियमावली एप्रिल २०२५ मध्ये त्याच खुल्या परवान्याखाली आली. या वेळी मी पूर्ण गठ्ठा न छापता कामापुरतीच पाने छापली. ‘हेवी’ची ओळ मी सर्वांत आधी शोधली. तेथे आता आकाराचा उल्लेखच नाही. जवळून मारण्याच्या जड शस्त्राला १३ ताकद लागते, नेमबाजीच्या जड शस्त्राला १३ चपळाई लागते, आणि ती नसेल तरच डिसॲडव्हान्टेज. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने कुऱ्हाड उचलावी, हा न्याय मला पूर्ण पटतो. भाचीला दुसऱ्या दिवशी फोन करून हे वाचून दाखवले. पुढच्या रविवारी तिने बॅटलॲक्स शीटवरून काढली आणि चित्रातली कुऱ्हाड परत लिहिली.

दुसरा मोठा बदल असा की ताकद, चपळाई वगैरेंची वाढ आता रेसकडून मिळत नाही. रेसला ‘स्पीशीज’ असे नाव दिले आहे आणि वाढ बॅकग्राउंडकडे, म्हणजे कॅरेक्टरच्या पूर्वायुष्याकडे सोपवली आहे. त्यामुळे दोन्ही भावंडांची ताकद १७ झाली आणि दोघांची शक्यता ६४ वर आली. दहा महिन्यांत प्रथमच दोन्ही शीटवरचा तो आकडा सारखा दिसला.

मी येथेच थांबून पूर्ण गुण देणार होतो, परंतु जुलैमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली. खुल्या नियमावलीत बॅकग्राउंड केवळ चार आहेत: अ‍ॅकोलाइट, क्रिमिनल, सेज आणि सोल्जर. त्यांपैकी ताकदीत वाढ देणारे एकटे सोल्जर आहे. याचा अर्थ असा की फुकटच्या नियमांवर खेळणाऱ्या प्रत्येक टेबलावर ताकदीवर चालणारा प्रत्येक बार्बेरियन पूर्वी शिपाई असतो. आधी हाफ-ऑर्कसारखी रेस असल्याशिवाय बार्बेरियन पूर्ण होत नव्हता, आता शिपाई असल्याशिवाय होत नाही. खुंटी बदलली, पण दावे तसेच राहिले. विकतच्या २०२४ च्या पुस्तकात सोळा बॅकग्राउंड आहेत, त्यामुळे तेथे हा दोष इतका बोचत नसावा. भाचीची हाफलिंग मात्र पहिल्या दिवसापासून जत तालुक्यातल्यासारख्या कोरड्या माळावर मेंढ्या राखणारी मुलगी आहे. लांडग्यांशी झुंजून तिच्या अंगात बळ आले, असे तिने दोन पाने भरून लिहिले आहे. केवळ दोन आकड्यांसाठी तिला शिपाई करणे मला पटले नाही. २०२० च्या एका पूरक पुस्तकाने रेसची वाढ हव्या त्या गुणाला लावण्याची मुभा दिली होती. तीच मुभा आम्ही बॅकग्राउंडला दिली: एका गुणाला २, दुसऱ्याला १, पूर्वायुष्याची कथा सुसंगत असावी आणि ती सर्वांना वाचून दाखवावी. आठ रविवार झाले, या बदलाने कुठेही बिघाड झालेला नाही.

भाच्याची बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण या सगळ्यात नुकसान त्याचे झाले. नव्या नियमावलीत हाफ-ऑर्क ही स्वतंत्र स्पीशीज नाही, म्हणून त्याला ऑर्क व्हावे लागले. क्रिटिकल वाराला शस्त्राचा एक फासा जास्त मिळत असे, तो गेला. शून्यावर न जाता एका हिट पॉइंटवर टिकून राहण्याचा गुण मात्र राहिला. वहीत त्याचा वापर पाच वेळाच नोंदलेला आहे, पण ते पाचही प्रसंग चौघांनाही आजतागायत तपशीलवार आठवतात, आणि भाचीच्या एकोणीस एक्क्यांपैकी एकही कुणाला आठवत नाही. गुण किती वेळा हाताशी येतो हे मी मोजत राहिलो. आला तेव्हा टेबलावरचे सगळे जण कसे उठून उभे राहिले, यासाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता. भाचा म्हणतो, “मामा, तिचं सगळं तिला परत मिळालं, मग माझ्या ऑर्कमध्ये वेगळं काय उरलं?” त्याचे म्हणणे खरे आहे. जुना जास्तीचा फासा त्याला परत द्यावा असे सरांचे मत आहे. माझी पत्नी म्हणते की तसे केल्यास भाचीलाही काहीतरी द्यावे लागेल.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी चौघांसमोर वही ठेवून हा प्रश्न सोडवायचा असे ठरले आहे. तोपर्यंत तो जास्तीचा फासा भाच्याच्या शीटवर पेन्सिलने लिहून ठेवला आहे.