विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं ॲप : नाशिकहून बरेच महिने वापरल्यावर

मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. सासू-सासरे तिच्याकडे जातात तेव्हा तिकिटांचं सगळं मीच बघते. म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारं एक फुकट ॲप बरेच महिने वापरतेय. माझं मत स्पष्ट आहे : अंतर बिनधास्त धरा, वेळ धरू नका.

अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून काढलेलं असतं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,४०० किमी. ती रेघ थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. सासऱ्यांना ते पटेना, तेव्हा नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला. आकडा मैलांत दिसला तर कुठले मैल ते बघा, कारण सागरी मैल १.८५२ किमीचा असतो.

वेळेचं गणित फारच ढोबळ आहे. अंतराला एका सरासरी वेगाने भागायचं आणि वर अर्धा तास टाकायचा. त्यामुळे जाण्या-येण्याचा वेळ एकच दिसतो. प्रत्यक्षात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. मुंबईहून लंडनला जाताना लागतो त्यापेक्षा येताना साधारण तासभर कमी लागतो. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण एअर इंडियाचं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून नेलं. मार्ग अटलांटिकवरच्या मार्गापेक्षा हजाराहून जास्त किलोमीटरने लांबला, सुमारे १५,३०० किमी झाला, तरी वारा पाठीशी असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर! हे ॲपला कधीच कळणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, तेव्हाही ॲपमधला आकडा तसाच होता.

नाशिककरांसाठी एक सूचना. शोधताना एनएएस टाकलंत तर बहामातलं नासाऊ येतं. आपल्या ओझर विमानतळाचा कोड आयएसके आहे. ओझर–दिल्ली हवाई अंतर जेमतेम हजार किमी. ॲप पावणेदोन तासांच्या आसपास सांगतं, वेळापत्रकात त्याहून जास्त असतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरायची वाट बघणं त्यात धरलेलं असतं. अंतर कमी तेवढी ही तफावत जास्त जाणवते.

मुंबईहून जायचं असेल तर घरापासूनचा हिशोब स्वतःच मांडावा लागतो. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. मी घर ते विमानतळ पाच तास धरते आणि विमानाच्या तीन तास आधी पोचायचं ठरवते. वयस्कर माणसांना घाई सोसत नाही. म्हणून ओझरहून दिल्लीमार्गे जाणं मला बरं वाटतं, फक्त दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर हवेत. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते.

सासूबाई इन्सुलिन घेतात. दोन डोसांमध्ये किती तास जाणार हे डॉक्टर आधी विचारतात. तेव्हा मी तिकिटावरच्या वेळा आणि दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक लिहून देते. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असतं. हा तासाभराचा फरक ॲप दाखवत नाही, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त गरज त्याचीच आहे.