ताईंचं निरीक्षण कधी करायचं, गटात शिकवताना की मुक्त खेळात?

अंगणवाडीत ताई मुलांमध्ये किती गुंततात हे बघायला सुपरव्हायझर मॅडमकडे एकच सकाळ असेल तर कुठला वेळ पकडायचा, ताई चार-पाच मुलांना घेऊन बसतात तो, की मुक्त खेळाचा?

गटात बघणं सोपं. कृती ठरलेली, मुलं समोर, प्रश्न नीट ऐकू येतात. चिंचोके मोजून झाले, 'किती झाले?' 'सात' 'शाब्बास', इथंच विषय संपला की 'सात कसे रे, मला मोजून दाखव ना' म्हणत मुलाला बोलू दिलं, हे पाच मिनिटांत कळतं. पण मॅडम येणार म्हटल्यावर गटाची तयारी झालेलीच असते, त्यामुळे तिथलं चित्र जरा जास्तच छान दिसतं. आणि बाकीची मुलं तेव्हा काय करतात, मदतनीस ताई त्यांच्याशी बोलतात का, हेही बघा, ते हमखास राहून जातं.

मुक्त खेळाची अशी तयारी करता येत नाही, म्हणून माझा कल तिकडेच. भातुकलीत एक मुलगी मातीची भाकरी थापतेय, ताई शेजारी मांडी घालून बसल्या, 'मला पण वाढ गं, कशाबरोबर खाऊ?' आणि ती म्हणते 'थांबा, पिठलं करते' आणि खेळ पुढे नेते, हे खरं गुंतणं. ताईंनीच भाकरी गोल करून दिली की खेळ ताईंचा झाला, तेव्हा जास्त बोलल्या म्हणून जास्त मार्क नकोत. आणि गप्प बसून बघणाऱ्या ताईंना लगेच शून्यही देऊ नका, नंतर विचारा आज कोण कोणाबरोबर खेळलं, उत्तर नेमकं आलं तर लक्ष होतं.

एक मोठी अडचण आहे, बऱ्याचदा याच वेळात ताईंना पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी मोबाईल ॲपवर, माहिती भरावी लागते. त्यासाठी गुण कापू नका, किती मिनिटं मोबाईलमध्ये गेली ती वेगळी लिहा, बीटच्या, म्हणजे एका सुपरव्हायझरकडच्या सगळ्या अंगणवाड्यांच्या, मीटिंगमध्ये ती मांडता येतात.

अमेरिकेत हेड स्टार्ट या गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीच्या सरकारी कार्यक्रमाच्या वर्गांत क्लास (CLASS) नावाची निरीक्षणाची पद्धत वापरतात, 20 मिनिटं बघायचं, मग 10 मिनिटं 1 ते 7 मध्ये गुण द्यायचे, मग पुन्हा तेच. अख्खी पद्धत वापरायला ट्रेनिंग लागतं, पण बघणं आणि गुण देणं वेगळं ठेवायची सवय आपल्याला आजपासून लावता येते. दोन फेऱ्या खेळात, एक गटात, एवढं एका सकाळी बसतं. दोन अंगणवाड्यांची तुलना असेल तर मात्र दोन्हीकडे तोच वेळ पकडा, नाहीतर एकीचा तयारीचा गट आणि दुसरीचा गोंधळाचा खेळ शेजारी ठेवून दुसरीवर अन्याय होईल.