बाथरूमचा 'स्पा' करून घेतला, तीन महिने वापरून मग लिहितेय

साडेतीन स्टार. अर्धा कुठे गेला ते येईलच पुढे.

कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहीत नाही, कारण निम्म्या चुका त्यांच्या आणि निम्म्या माझ्याच. जुनं बाथरूम 5 बाय 8 फुटांचं, वर पांढरीफटक ट्यूबलाइट, दार उघडलं की ओलसर वास. मला हॉटेलात असतं तसं शांत, मऊ उजेडाचं काहीतरी हवं होतं आणि त्यासाठी फोनमध्ये दोनेकशे फोटो साठवून बसले होते. फोटोत टाकी किती उंचावर आहे ते दिसत नाही, गिझर किती लिटरचा आहे तेही नाही, आणि माझा सगळा घोळ तिथेच झाला.

12 इंची रेन शॉवर हट्टाने लावून घेतला. पहिल्या दिवशी चालू केला तर पाऊस कसला, गळक्या पत्र्याखाली उभं राहिल्यासारखं वाटलं, मधल्या भोकांतून धार आणि कडेला नुसतं टपटप. प्लंबरदादा म्हणाले, ताई तुमचा मजला सगळ्यात वरचा, टाकी डोक्यावर जेमतेम 3 मीटर, प्रेशर येणार कुठून? हिशोब सोपा आहे, 10 मीटर उंचीचं पाणी असेल तर साधारण 1 बार प्रेशर मिळतं, म्हणजे मला मिळत होतं 0.3. हे फोटो दाखवले तेव्हाच सांगायला हवं होतं की नको? शेवटी प्रेशर पंप बसवला आणि शॉवर 8 इंचीचा केला. पंपाखाली रबर पॅड टाकून घ्या नाहीतर स्पा म्हणता म्हणता गिरणीत उभं असल्यासारखं वाटतं.

पंप आल्यावर दुसरी गंमत. आता मिनिटाला 10 लिटर पाणी पडायला लागलं आणि गिझर तोच जुना 15 लिटरचा. 60 डिग्रीचं 15 लिटर, त्यात 20 डिग्रीचं तेवढंच गार मिसळलं की 40 डिग्रीचं 30 लिटर होतं, म्हणजे आंघोळ तीन मिनिटांची! डोक्याला शाम्पू लावलेला आणि वरून गार पाणी, तेव्हा हा हिशोब नीट समजला. आता 25 लिटरचा आहे, पाचेक मिनिटं आरामात जातात, शाम्पूसाठी हँड शॉवर.

कौतुक करायचं तर वॉटरप्रूफिंगचं. जुन्या लाद्या काढून पार स्लॅबपर्यंत गेले, कोटिंगचे दोन हात मारले, शॉवरच्या भिंतींवरही वरपर्यंत चढवलं आणि मग नहाणी ट्रॅप (जमिनीतली पाणी जायची जाळी) बंद करून 48 तास पाणी भरून ठेवलं. मी घाई करत होते की एक दिवस बास झाला, लाद्या लावायला घ्या, तर गवंडीकाका ऐकेचनात, म्हणाले खालच्यांच्या छताला ओल आली तर परत हेच सगळं फोडायला लागेल. हे काम कुणाला दिसत नाही, फोटोत तर नाहीच, पण माझ्याकडून एक अख्खा स्टार फक्त त्या काकांना.

लाइट म्हणाल तर सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला आणि त्यालाच सगळ्यात कमी तोडफोड लागली. 2700 केल्विनचे पिवळसर दिवे, उजेड कमीजास्त करायला डिमर (बल्ब डिमरवर चालणारा आहे ना ते बघूनच घ्या, नाहीतर लुकलुकत बसतो), आणि आरशाच्या वर एक दिवा लावण्याऐवजी दोन बाजूंना दोन. वरचा एकच असला की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि आपण चार रात्री झोपलो नाही असं दिसतं. शॉवरवरचा मात्र आयपी65, म्हणजे पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारा घेतला, तिथे कंजूषी नाही.

एक्झॉस्टची भानगड वेगळीच. फॅन नवा, आवाज छान, पण आरशावरची वाफ जाईना. दार नवीन, खालून एकदम घट्ट बसलेलं, मग बाहेरची हवा आत येणार कुठून आणि फॅन ओढणार काय? सुताराने दार खालून 2 सेंटीमीटर तासून दिलं, टायमरवर आंघोळीनंतर पंधरा मिनिटं चालू ठेवतो, तो जुना वास गेला.

जमिनीला आर10 ची (हा घसरण रोखण्याचा दर्जा) मॅट लादी घेतली, आई बिनधास्त चालते. काळे मॅट नळ मात्र घेऊ नका, म्हणजे दिसतात भारी पण पाणी जड असेल तर पांढरे डाग पडतात, रोज फडकं मारायला लागतं आणि ॲसिडवालं क्लीनर लावलं तर कोटिंगच जायची भीती. बांबूची चटई हौसेने आणलेली, महिन्यात खालून बुरशी धरली, गेली कचऱ्यात.

आता तो अर्धा स्टार. ढाळ. 80 सेंटीमीटरला 1 सेंटीमीटर तरी उतार हवा असं कॉन्ट्रॅक्टरनीच सांगितलेलं, बाकी सगळीकडे आहेही, पण बेसिनखालच्या कोपऱ्यात पाणी साचतंच, गोटी ठेवली तर ट्रॅपकडे न जाता तिकडेच पळते. तक्रार केली तर म्हणाले वायपर मारा. परत फोन केला तेव्हा म्हणाले सोमवारी येतो. कुठल्या सोमवारी ते विचारायचं राहिलं.