वेताच्या फर्निचरवर ‘यूव्ही कोटिंग’चे जादा पैसे देण्याआधी हे वाचा

साताऱ्यात वेताचा झोपाळा किंवा सोफा घेताना दुकानदाराने ‘यूव्ही कोटिंग’चे, म्हणजे उन्हापासून रंग वाचवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या थराचे, वेगळे पैसे मागितले, तर त्याला आधी पॉलिशचा डबा दाखवायला सांगा, लेबलासकट. आम्ही दोनदा मागूनही तो दाखवला गेला नाही.

शोरूम हायवेलगतचं आहे. झोपाळा सासऱ्यांसाठी हवा होता. नाना संध्याकाळी पश्चिमेच्या व्हरांड्यात बसतात आणि तिथे थेट ऊन येतं, हे आम्ही आधीच सांगितलं होतं. त्यावर मालकाने एक रंगीत माहितीपत्रक पुढे केलं. “ताई, हे मारलं की पाच वर्षं रंग हलत नाही, माझी गॅरंटी.” चार हजार जादा लावले. बिलावर मात्र नुसतं ‘पॉलिश चार्ज’.

उन्हाळा सरायच्या आत वेत लालसर तपकिरी पडला. गादीखालचा भाग तेवढा पहिल्यासारखा फिकट सोनेरी राहिला. विचारायला गेलो तर म्हणाला, “नैसर्गिक माल आहे, रंग बदलणारच.” मग चार हजार कशाचे घेतले?

वेतात लाकडासारखंच लिग्निन नावाचं नैसर्गिक द्रव्य असतं. ते उन्हातले अतिनील किरण शोषतं, त्याची मोडतोड होते आणि पिवळी-तपकिरी द्रव्यं तयार होतात. साध्या खिडकीच्या काचेतूनही यातले बरेच किरण आत येतात, त्यामुळे हॉलमधला वेतसुद्धा पिवळा पडतो. साधं पारदर्शक वॉर्निश पाणी आणि धूळ अडवतं, हे किरण नाही. त्यासाठी पॉलिशमध्ये यूव्ही अब्सॉर्बर, म्हणजे अतिनील किरण शोषून घेणारं रसायन, मिसळलेला लागतो, सोबत उन्हाने होणारी मोडतोड रोखणारं ‘हाल्स’ प्रकारचं स्थिरक असेल तर उत्तम. तरीही रंग बदलण्याचा वेग कमी होतो, इतकंच. थर झिजतो, अब्सॉर्बरही हळूहळू संपतो, पुन्हा पॉलिशचा हात मारावा लागतो. उघड्या उन्हातल्या वेताला पाच वर्षांची गॅरंटी देणारा माणूस खोटं बोलतोय, असं मी स्पष्ट म्हणते.

ओळखीच्या पॉलिशवाल्याने झोपाळ्याच्या दांडीवर थिनरचा बोळा फिरवला. थर लगेच विरघळून बोळ्याला चिकटला. हे स्वस्तातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, आणि ते स्वतःच उन्हात पिवळं पडतं! चांगलं टू-पॅक पीयू, म्हणजे दोन घटक मिसळून मारायचं पॉलियुरेथेन पॉलिश, असं सुटत नाही. पीयूमध्येही ‘नॉन-यलोइंग’ (पिवळं न पडणारं)च मागायचं, असं त्याने बजावलं. आणि ते पत्रक? त्यातलं कोटिंग कारखान्यात सपाट पॅनेलवर मारून अतिनील दिव्याखाली वाळवायचं आहे. उन्हापासून रंग टिकवण्याबद्दल त्यात एक ओळ नाही.

दुकानात वेताचे तुकडे पडलेले असतात. तेच पॉलिश मारलेला एक आणि कोरा एक असे दोन मागून घ्या, दोन्हींच्या अर्ध्या भागाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि गच्चीत उन्हात ठेवा. काही आठवड्यांनी फॉइल काढली की पॉलिशने काय केलं ते दिसेल. बिलावर कोटिंगचं पूर्ण नाव आणि गॅरंटी लिहून घ्या. आम्ही आता व्हरांड्याला बांबूचे चिक लावलेत. खरं तर रंग राखायला ऊन अडवण्याइतका खात्रीचा उपाय नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तुमच्याकडेही असंच ‘पॉलिश चार्ज’चं बिल असेल तर ते आणि दुकानदाराचे मेसेज जपून ठेवा. गादीखालच्या आणि उघड्या वेताचा एकत्र फोटोही आजच काढा.