हवागळतीच्या दुरुस्तीत आमच्या रायफलचा सिलिंडरच बदलला गेला

माझी मुलगी नववीत आहे आणि दहा मीटर एअर रायफल खेळते. १ ऑगस्ट २०२४ ला आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक घेतलं, त्या रात्री जेवताना तिनं विचारलं होतं, "बाबा, मला शिकता येईल का?" त्याचा प्रकार पन्नास मीटरचा, काडतुसाच्या रायफलीचा. पण आपल्याकडे मुलांची सुरुवात बहुतेक हवेच्या रायफलीनंच होते. वर्षभर ती क्लबच्या रायफलीवर शिकली. मग पतसंस्थेचं कर्ज काढून मी तिला एक जुनी जर्मन मॅच (स्पर्धेची) रायफल घेऊन दिली, १ लाख ३५ हजारांना. एवढं सांगतोय कारण पुढं जे घडलं ते ज्या वस्तूबाबत घडलं तिची आमच्या घरातली किंमत कळावी.

या रायफलीत नळीखाली एक सिलिंडर असतो. त्यात २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) हवा दाबून भरतात. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असते, त्यावरून अंदाज करा. आतला रेग्युलेटर हा दाब कमी करून प्रत्येक छर्ऱ्यामागे सारखीच हवा देतो. दिवाळीनंतर मुलगी म्हणायला लागली की रात्री २०० वर ठेवलेला दाबाचा काटा सकाळी १४० वर येतो. हवा कुठून तरी जात होती.

रायफल दुरुस्त करणारे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका ओळखीच्या पालकांनी दुसऱ्या शहरातल्या एका माणसाचा नंबर दिला. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. मी आणि मुलगी एसटीनं रायफल घेऊन गेलो. माणूस बोलायला फार चांगला. चहा मागवला, मुलीला तिचा स्कोअर विचारला, मग रायफल स्टॉकमधून (खांद्याला लावायच्या भागातून) बाहेर काढली, साबणाचं पाणी ब्रशनं लावलं आणि सिलिंडर फिरवून बसवला. रेग्युलेटरच्या बारीक भोकातून बुडबुडे आले. "बघा साहेब, रेग्युलेटर गेलाय. लेकराची नॅशनल्सची तयारी असंल, पॅचवर्क करून देणार नाही मी." बुडबुडे डोळ्यांसमोर दिसत होते. मी मान हलवली.

ते बुडबुडे खोटे नव्हते. त्यांचा अर्थ खोटा सांगितला गेला होता. सिलिंडर बसवताच आतलं पिस्टन दाबानं सरकतं, स्प्रिंगच्या जागेतली हवा त्या भोकातून बाहेर ढकलली जाते आणि क्षणभर बुडबुडे येतात. चांगल्या रेग्युलेटरलाही येतात. रेग्युलेटरचं सील खरंच गेलं असेल तर ते थांबत नाहीत, मिनिट-दोन मिनिटं एकसारखे येत राहतात. त्यानं मला पहिले तीन सेकंद दाखवले आणि फडक्यानं पुसून घेतलं.

खर्च सांगितला १८ हजार ५००. रेग्युलेटर ११ हजार, सीलचा संच साडेचार, मजुरी तीन. पैसे यूपीआयनं घेतले, तेही दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या खात्यात. पावती म्हणून एका कागदावर "सर्व्हिस केली" एवढंच. रायफल घ्यायला बारा दिवसांनी गेलो तेव्हा त्यानं माझ्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली, "हा तुमचा जुना रेग्युलेटर, मी काही लपवत नाही." आणि मुलीला म्हणाला, "बाळा, तुला माझ्याकडून भेट." सिलिंडरवर त्यानं गुलाबी रंगाचं चकचकीत रॅप गुंडाळलेलं होतं. मुलगी इतकी खूश झाली की परतीच्या वाटेवर ती केस उघडून दोनदा बघून घेत होती.

हवा उतरायची थांबली होती, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. म्हणूनच पुढचे चार महिने आम्हाला शंका आली नाही. उलट त्या माणसाचा नंबर मी आणखी दोन पालकांना दिला. त्यांना नंतर स्वतः फोन करून मी सगळं सांगितलं, पण एकाची रायफल तोवर तिकडे जाऊन आली होती.

एप्रिलमध्ये रेंजवर मुलीच्या प्रशिक्षक सरांनी सांगितलं की तारीख बघितल्याशिवाय यापुढे कुणाचाही सिलिंडर भरणार नाही. या मॅच रायफलींच्या सिलिंडरवर बनवल्याचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. बहुतेक कंपन्या तो दहा वर्षं वापरायचा असं सांगतात, पुढं धातूचा भरवसा नाही. स्पर्धेच्या नियमांतही सिलिंडर मुदतीतला आहे ना हे बघायची जबाबदारी खेळाडूचीच धरली आहे. आमचा २०१९ चा, म्हणजे २०२९ पर्यंत काळजी नाही, असं मी निर्धास्तपणे म्हणालो. सर म्हणाले, "रॅप काढा, मला बघू द्या." मुलीला ते काढवत नव्हतं. तिनंच मग नखानं कडा उचलली आणि हळूहळू सोललं.

खाली २०११ लिहिलेलं होतं.

तो आमचा सिलिंडर नव्हताच. मुदत २०२१ मध्ये संपलेला कुणाचा तरी जुना सिलिंडर, त्याच मॉडेलचा, त्याच आट्यांचा, माझ्या लेकीच्या चेहऱ्यापुढं चार महिने दोनशे बारनं भरला जात होता. रायफल खांद्याला लावली की तोंड आणि सिलिंडर यांत किती अंतर राहतं, हे ज्यांची मुलं खेळतात त्यांना माहीत आहे. मला अजूनही रात्री तेच आठवतं. पैशाचं नंतर आठवतं.

सरांनी पिशवीतला "जुना रेग्युलेटर" पाहिला. तो आमच्या रायफलीच्या कंपनीचाच नव्हता, आटेच वेगळे. रायफल उघडली तर रेग्युलेटरच्या स्क्रूवरचं कारखान्याचं रंगाचं सील जसंच्या तसं. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. बदललं होतं फक्त एकच, सिलिंडर रायफलीला जिथं जोडतो तिथली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिक सीलच्या दुकानात तसली रिंग मला नंतर वीस रुपयांना मिळाली. गळती तिथंच होती.

आणि ती आम्हाला घरी शोधता आली असती. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या शहराची एसटी धरलीच नसती, म्हणून सविस्तर लिहितो. सिलिंडर रायफलीपासून हातानं सुटतो आणि सुटला की त्याचा स्वतःचा व्हॉल्व्ह बंद होतो. बहुतेकांवर दाब दाखवणारं गेजही असतं. तेव्हा सिलिंडर भरा, थंड होऊ द्या, काट्याचा फोटो काढा आणि रात्रभर रायफलीपासून वेगळा ठेवा. सकाळी काटा खाली आला तर गळती सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या गेजजवळ. काटा जागेवर असेल तर दोष रायफलीत. मग सिलिंडर जोडून जोडावर साबणाचं पाणी लावा. तिथं काही नसेल तर रायफलीत छर्रा न घालता, नेम सुरक्षित दिशेला ठेवून, नळीच्या तोंडावर फुगा ताणून बसवा. फुगा हळूहळू फुगला तर फायरिंग व्हॉल्व्हचं, म्हणजे छर्ऱ्यामागे हवा सोडणाऱ्या झडपेचं, सील बसलेलं नाही. एवढं कळलं तरी समोरचा काय सांगतोय ते तुम्हाला तपासता येतं.

थंड होऊ द्या म्हणालो त्याला कारण आहे. भरताना हवा तापते. गरम असताना २०० दाखवणारा काटा अर्ध्या तासात १९० वर येऊ शकतो आणि त्यात गळती काहीच नसते. ही घट दाखवूनही लोकांना घाबरवलं जातं.

शोधण्यापलीकडे मात्र घरी जपून. दाब असताना कुठलाही स्क्रू ढिला करायचा नाही, आधी सगळी हवा सोडायची. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावायचं. साधं मशीनचं तेल किंवा पेट्रोलियमचं ग्रीस दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं. सिलिंडर स्वतः उघडायचा नाही, व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर जाणकाराकडेच द्यायचे. पण देताना सिलिंडर घरी ठेवा. दोष रायफलीत असेल तर दुरुस्तीवाल्याला चाचणीला स्वतःचा सिलिंडर असतो. द्यावाच लागला तर नंबर आणि तारीख दिसेल असा फोटो काढा, तो नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि परत घेताना तिथंच उभं राहून जुळवा.

त्या माणसाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही आणला तोच दिला." दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही. रायफल विकत घेताना आधीच्या मालकानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंत एका फोटोत सिलिंडरचे शेवटचे तीन अंक आणि १९ हा आकडा दिसतो. तोच आमचा आधार. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, पुढं जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. ज्या दुसऱ्याच्या खात्यात पैसे घेतले त्याचं नाव आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे. नव्या सिलिंडरला ३६ हजार लागले. २०११ चा सिलिंडर हवा पूर्ण सोडून, पुरावा म्हणून कपाटात ठेवला आहे. तो कुणालाही विकणार नाही, फुकटही देणार नाही.

आमचा २०१९ चा सिलिंडर कुणाच्या तरी रायफलीवर आहे. काळा आहे, गेजच्या कडेला मुलीनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, पुसला नसेल तर दिसेल. तो कुणी पैसे मोजूनच घेतला असेल, त्यांच्यावर माझा राग नाही, फक्त कळवा. आणि दुरुस्तीहून आलेल्या तुमच्या सिलिंडरवर रॅप, टेप, नवा रंग काहीही असेल, तर पुढच्या वेळी भरण्याआधी ते काढून तारीख वाचा.