चक्कर: गोळी, एपली की व्यायाम?

कुशीवर वळलं की पंखा, कपाट, भिंती सगळं गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की पुन्हा तेच. असं होणारा माणूस आपल्याकडे आधी बीपी मोजून घेतो, मग मानेचा एक्स-रे काढतो. साठीनंतर बहुतेकांच्या मानेत झीज दिसतेच. तिच्यावर खापर फुटतं आणि गळ्यात पट्टा येतो. दुखणं मात्र बऱ्याचदा कानात असतं. आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग डोकं हललं की तिथला द्रव नको तेवढा सरकतो आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. याला बीपीपीव्ही म्हणतात.

गोळ्यांचं म्हणाल, तर त्या कण हलवत नाहीत. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनने मळमळ कमी होते, गरगर थोडी दबते, पण झोप येते. म्हाताऱ्या माणसाने त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर हातपाय जड होणं, कंप सुटणं असा पार्किन्सनसारखा त्रास मागे लागू शकतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही बीपीपीव्हीसाठी अशी औषधं सरसकट देऊ नयेत असंच म्हटलं आहे. उलट्या थांबेनात तेव्हा दोन-तीन दिवस घ्यायला हरकत नाही. त्यापुढे चालू ठेवायच्या तर कशासाठी, हे डॉक्टरांना विचाराच.

बीपीपीव्ही असेल तर माझं मत सरळ एपलीच्या बाजूने आहे, म्हणजे डोकं ठराविक क्रमाने वळवून ते कण नलिकेतून बाहेर काढण्याच्या बाजूने. अमेरिकन डॉक्टर जॉन एपली यांनी ही पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध केली. एपली करण्याआधी डिक्स-हॉलपाईक तपासणी होते. मान 45 अंश वळवून तुम्हाला झटकन मागे झोपवतात, डोकं किंचित खाली लोंबतं. दोष त्या बाजूला असेल तर काही सेकंदांत गरगर सुरू होते, बुबुळं ठराविक दिशेने फडफडतात. फिजिओथेरपिस्टचं सगळं लक्ष त्या बुबुळांवर असतं. कान कोणता आणि नलिका कोणती, ते त्यावरूनच कळतं. मग एपली सुरू होते: तिथून मान दुसऱ्या बाजूला, मग त्याच कुशीवर नाक जमिनीकडे, मग उठून बसणं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबतात. त्या वेळी चक्कर येते, कुणाला उलटीही होते, म्हणून भरल्या पोटी जाऊ नका. बऱ्याच जणांचं एक ते तीन खेपांत भागतं. नंतर बसून झोपायची, मान न हलवायची गरज नसते. मानेचं मोठं दुखणं किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी सांगा. पुढे कधीतरी कण पुन्हा सुटू शकतात, तेव्हा पुन्हा एपली.

व्हिडिओ पाहून घरी करावं का? कान कोणता ते ठरलेलं असेल आणि एकदा कुणी शिकवलं असेल तर जरूर. नाहीतर चुकीच्या बाजूने केलेल्या एपलीचा उपयोग नाही. ब्रांट-डॅरॉफ हा घरचा व्यायाम दोन्ही बाजूंनी करतात, त्यामुळे बाजूची चूक होत नाही, पण त्याचा गुण यायला दिवस लागतात, एपलीसारखं मिनिटांत काम होत नाही.

चक्कर दिवसभर टिकली, ऐकू नीट येतं, पण आठवड्यानंतरही चालताना तोल जातो, असं असेल तर कानाच्या नसेला सूज आलेली असू शकते. इथे एपली काहीच करत नाही. नियमित व्यायामच लागतो. अंगठा डोळ्यांसमोर धरून नजर त्यावर खिळवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. पुढे एका पायावर उभं राहणं, मान वळवत चालणं. सुरुवातीला चक्कर वाढते, लोक तिथेच सोडून देतात. थोडी चक्कर येईल इतपतच करायचं; मेंदू त्यातूनच जुळवून घेतो. चकरेबरोबर ऐकू कमी येतं, कान गच्च होतो, आवाज येतो, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली किंवा उभंच राहता येईना, तर यातलं काही करत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

फिजिओथेरपिस्टची वेळ घेताना फोनवरच विचारा: 'डिक्स-हॉलपाईक करून बघता का?' उत्तर मानेला शेक आणि ट्रॅक्शन असं आलं तर दुसरा नंबर लावा.