बैठक कुठे भरवायची: इंटरनेटवर सरकारी चाळणी असलेल्या देशात, की व्हिसा न देणाऱ्या देशात?

आंतरराष्ट्रीय तांत्रिक बैठकीची जागा ठरवताना समितीसमोर शेवटी असे दोनच देश उरले, तर पहिला देश नेटवर्कच्या धास्तीने लगेच खोडू नका. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची ७९वी बैठक नोव्हेंबर २०१०मध्ये बीजिंगला झाली आणि बैठकीच्या जागी चाळणीविना इंटरनेट मिळालं. यजमानाने मनावर घेतलं तर वेगळी लाइन मिळते.

मात्र ही सोय बैठकीपुरतीच. दुसऱ्या हॉटेलात उतरलेला माणूस रात्री ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडायला गेला की टीएलएसचा हँडशेक, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण, अर्ध्यात तुटतो, आणि साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस भलताच पत्ता हातात ठेवतो. त्याचं काम सकाळपर्यंत अडलं.

तरी मला नेटवर्कपेक्षा करार जास्त छळतो. बीजिंग ठरण्याआधी, २००९मध्ये, आयईटीएफमध्ये वाद पेटला तो हॉटेलच्या एका कलमावरून: चिनी सरकारची बदनामी किंवा कायद्याचा भंग करणारा मजकूर आढळला, तर हॉटेल कार्यक्रम जागच्या जागी थांबवू शकेल. आता एन्क्रिप्शन (मजकूर कूटबद्ध करणं) आणि डीएनएसची गोपनीयता हे तर अशा बैठकीचं रोजचं काम. त्यातलं नेमकं काय कलमात बसतं, हे ठरवणार कोण? हॉटेलचा मॅनेजर? बैठक सुरळीत पार पडली हे खरं, पण म्हणून कलम निरुपद्रवी ठरत नाही. त्याच वर्षी इजिप्तमधल्या शर्म अल शेखला, इंटरनेटच्या कारभारावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या इंटरनेट गव्हर्नन्स फोरममध्ये, चीनच्या फायरवॉलचा (इंटरनेट गाळणाऱ्या यंत्रणेचा) उल्लेख असलेलं पोस्टर हटवलं गेलं. तेही संयुक्त राष्ट्रांच्याच सुरक्षारक्षकांकडून.

दुसऱ्या बाजूला मोकळं इंटरनेट आणि बंद दार. जानेवारी २०१७मध्ये अमेरिकेने सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. अशा बंदीवर तांत्रिक तोडगा नसतो. व्हिसा नाकारला की माणूस आलाच नाही. आणि चाळणीमागच्या देशांतले अभियंते बऱ्याचदा याच रांगेत अडकतात.

ऑनलाइन सहभाग? दोन्हीकडे ठेवाच, पण चाळणीमागून जोडणाऱ्याचा व्हिडिओ कधी तुटेल याचा नेम नाही.

माझं मत: बैठकीचा विषय राउटिंगसारखा (डेटाचा मार्ग ठरवण्यासारखा) कोरडा असेल आणि त्या देशातले अभियंते मोठ्या संख्येने कामात असतील, तर पहिला देश घ्या. विषय गोपनीयतेचा किंवा सेन्सॉरशिप मोजण्याचा असेल, तर वक्ते तिथे मोकळेपणी बोलणार नाहीत. दुसरा देश घ्या आणि व्हिसाची पत्रं सहा महिने आधी पाठवा. पहिला घेतलाच, तर मोकळ्या इंटरनेटची हमी लेखी हवी, राहण्याच्या हॉटेलांसकट. कार्यक्रम थांबवण्याचं कलम काढायला हॉटेल तयार नसेल, तर अनामत भरू नका.